उघडें बंदर आणि वाढता समुद्र

बंदराचें आणि समुद्राचें नातें मोठें चमत्कारिक आहे. समुद्राकडे तोंड उघडें असल्यावांचून बंदर चालत नाहीं. आणि तें उघडें राहिलें म्हणजे ज्या वाटेनें जहाजें येतात त्याच वाटेनें वादळाचें पाणीही आंत शिरतें. हॉलंडमधील रॉटरडॅम शहराचा गेल्या दीडशें वर्षांचा इतिहास हा या एका पेंचाशीं चाललेल्या झगड्याचा इतिहास होय.

रॉट नांवाच्या नदीवर तेराव्या शतकांत बांध घालण्यांत आला. त्यावरूनच शहराला हें नांव पडलें. पुढें नदीमुखाशीं गाळ सांचून जहाजांची वाट अडूं लागली, तेव्हां पीटर कालांड या स्थापत्यविशारदाच्या योजनेप्रमाणें थेट समुद्रापर्यंत नवा जलमार्ग खणण्यांत आला. १८७२ सालीं त्यांतून पहिलें जहाज गेलें. आरंभीं हा मार्गही गाळानें भरूं लागला. परंतु गाळ उपसणाऱ्या यंत्रांनीं तो खोल राखला, आणि त्याच्याच बळावर १९६२ सालीं रॉटरडॅम जगांतील सर्वांत मोठें बंदर ठरलें. या मार्गावर कोठेंही दरवाजा नव्हता. तेंच त्याचें वैभव, आणि तेंच त्याचें वैगुण्य.

१९५३ च्या ३१ जानेवारीच्या रात्रीं वायव्येचें वादळ आणि उधाणाची भरती यांची गांठ पडली. देशाच्या नैर्ऋत्य भागांतील बांध फुटले आणि १८३६ माणसें प्राणांस मुकलीं. रॉटरडॅमच्या पूर्वेस ज्या बांधाआड सुमारें तीस लाखांची वस्ती होती, त्यालाही पहांटे भगदाड पडलें. तेव्हां एका नावाड्यानें आपलें गलबत त्या भगदाडांत आडवें घातलें आणि पाणी रोखलें. त्या धैर्याला तोड नाहीं. परंतु लक्षावधि जीव एका गलबतावर विसंबून राहावेत, ही गोष्ट कोणत्याही राष्ट्राला विचार करावयास लावणारीच होती.

तीन आठवड्यांच्या आंत सरकारनें डेल्टा आयोग नेमला. तोंवर बांधाची उंची ठरे ती मागील सर्वांत मोठ्या पुराच्या खुणेवरून. व्हान डान्झिग या गणितज्ञानें प्रश्नच निराळा घातला: किती उंच पाणी किती वर्षांनीं येण्याचा संभव आहे, त्यानें किती हानि होईल, आणि ती टाळण्यास किती खर्च येईल? या हिशेबाच्या आधारें, दहा हजार वर्षांत एकदां येण्याचा संभव असलेल्या पाण्यासही तोंड देतां आलें पाहिजे, असा दंडक मध्य हॉलंडच्या किनाऱ्यापुरता ठरला. अनेक खाड्यांचीं तोंडें बंद करावयाचें ठरलें. रॉटरडॅमचें मात्र व्यापारासाठीं उघडेंच राहिलें. तेथें आंतले बांध उंचवावेत, अशी योजना होती. परंतु त्यापायीं जुन्या गांवांतील घरें पाडावीं लागणार, हें दिसून आल्यावर दुसरा मार्ग शोधणें भाग पडलें.

१९९७ सालीं पुरा झालेला मास्लांट दरवाजा हा तो मार्ग. गोव्यांतील खाजणांच्या बांधांना 'मानस' असतें. तें भरतीच्या दाबानें मिटतें आणि ओहोटीला उघडतें. तत्त्व तेंच, प्रमाण मात्र अवाढव्य. सुमारें ३६० मीटर रुंदीच्या मार्गाच्या दोन्ही तीरांवर प्रत्येकीं २१० मीटर लांब आणि २२ मीटर उंच असा एक पोलादी फळा कोरड्या गोदींत उभा असतो. पाणी प्रमाणपातळीहून ३ मीटर चढणार असें गणकयंत्रास दिसलें, कीं फळे तरंगत मध्यभागीं येतात, पोटांत पाणी घेतात आणि तळाशीं बसतात. एरवीं जहाजांना अडथळा म्हणून नाहीं. नोव्हेंबर २००७ मध्यें वादळासाठीं तो प्रथम मिटला. डिसेंबर २०२३ मध्यें पुन्हां मिटला.

येथें कथा संपावयास हवी होती. पण समुद्र स्थिर राहिलेला नाहीं. पृथ्वीचें उष्णमान वाढत असल्यामुळें समुद्राचें पाणी प्रसरण पावत आहे आणि हिमराशी वितळत आहेत. १९०१ पासून २०१८ पर्यंत जगांतील समुद्राची सरासरी पातळी सुमारें २० सेंटिमीटरांनीं चढली, आणि चढण्याचा वेगही वाढत आहे. २००८ सालच्या दुसऱ्या डेल्टा आयोगानें २१०० पर्यंत ६५ ते १३० सेंटिमीटरांची वाढ गृहीत धरण्याचा सल्ला दिला. पातळी चढली, म्हणजे जें पाणी आज क्वचित् येतें तें वारंवार येणार आणि दरवाजाही वारंवार मिटणार. तो मिटला कीं बाहेर जहाजें खोळंबतात, आणि आंत ऱ्हाईन व मास या नद्यांचें पाणी तुंबूं लागतें. उपायच अडचण होऊन बसावा, असा हा प्रसंग.

म्हणून २०१३ सालीं सुरू झालेलें नवें बंदर समुद्रांत भर घालून, प्रमाणपातळीहून सुमारें पांच मीटर उंच जमिनीवर उभारण्यांत आलें. पण जुन्या शहराला तशी उचलून धरतां येत नाहीं. त्याच्यासाठीं बांध, दरवाजा आणि नद्यांना पसरावयास जागा, या तिहींचा मेळ पुनःपुन्हां घालावा लागणार. १९५३ पूर्वीं लोक मागच्या पुराची खूण पाहून बांध घालीत. आतां मागची खूण पुरेशी नाहीं. पुढचा हिशेब मांडावा लागतो, आणि मांडलेला हिशेब समुद्र चढेल तसा पुन्हां तपासावा लागतो. बंदराचें दार किती वेळ उघडें राहील, हें यापुढें त्या तपासणीवरच अवलंबून आहे.