देठ न तोडता

लंडनच्या आग्नेयेला, पूर्वी केंटमध्ये असलेल्या सिडकप गावाजवळ फ्रॉग्नल हाउस नावाची जुनी जमीनदारी हवेली आहे. ऑस्ट्रेलियातल्या शहराला ज्यांचं नाव मिळालं ते लॉर्ड सिडनी अठराव्या शतकात इथे राहत. 1917 मध्ये हिच्या प्रशस्त आवारात अर्धवर्तुळात वॉर्ड उभे राहिले आणि पहिल्या महायुद्धात चेहरे फाटलेल्या सैनिकांसाठी क्वीन्स हॉस्पिटल सुरू झालं. प्लास्टिक सर्जरीत पुढची पन्नासेक वर्षं जिच्यावाचून पान हललं नाही, ती कातडीची नळी इथे घडली. हवेलीचं मोकळं, संथ आवार नसतं तर ती तिथे रुजली असती का, याची मला शंका आहे.

हॅरल्ड गिलीज हे न्यूझीलंडमध्ये जन्मलेले कान-नाक-घशाचे सर्जन. आधी ते ऑल्डरशॉटच्या लष्करी रुग्णालयात चेहऱ्याच्या जखमांचा वेगळा वॉर्ड चालवत. जुलै 1916 मध्ये सोमची लढाई पेटली. तयारी 200 जखमींची होती, आले सुमारे 2,000. खंदकातल्या युद्धात डोकंच तेवढं वर यायचं आणि तोफगोळ्याचा तुकडा जबडा, नाक, गाल घेऊन जायचा. जागा अपुरी पडली म्हणून सिडकप.

गेलेल्या मांसाच्या जागी दुसरं आणायचं तर ते जिवंत राहिलं पाहिजे. याचा उपाय युरोपला ठाऊक होता आणि त्याची एक वाट थेट पुण्याहून जाते. टिपूविरुद्धच्या 1792 च्या युद्धात इंग्रजी फौजेकडचा कावसजी नावाचा मराठा गाडीवान टिपूच्या लोकांच्या हाती लागला. त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. सुमारे वर्षभराने पुण्याजवळच्या, वीटभट्टीचा धंदा करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक बसवलं. मेणाचा साचा कपाळावर चपटा ठेवून रेघ मारली, तेवढी कातडी सोडवली आणि भुवयांमधला चिंचोळा देठ तसाच ठेवला, कारण रक्त तिथूनच यायचं. कातडी पीळ देऊन खाली आणली. काताचा लेप लावलेल्या कापडाच्या पट्ट्या एकावर एक ठेवून सांधा घट्ट केला, मग तुपाचा बोळा. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास देठ कापला. मुंबई इलाख्याचे दोन डॉक्टर हे पाहत होते. ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनने ती हकीकत छापली. ती वाचून जोसेफ कार्प्यू यांनी 1814 मध्ये तशी शस्त्रक्रिया केली आणि 1816 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. कावसजीचं नाव आणि चित्र दोन्ही छापून आलं, पण ज्याच्या हातात कसब होतं त्याचं नाव कोणी टिपून ठेवलं नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

कपाळ नाकाच्या शेजारीच असतं. पण अख्खा चेहराच होरपळला असेल तर कातडी छातीवरून आणावी लागते. मग देठ लांब होतो आणि त्याची खालची ओली बाजू उघडी राहते. अँटिबायोटिक अजून आली नव्हती. ती बाजू चिघळायची, आकसायची.

3 ऑक्टोबर 1917. समोर विकरेज हा खलाशी, जटलँडच्या सागरी लढाईत चेहरा भाजलेला. छातीची कातडी सोडवताना गिलीज यांना दिसलं की तिच्या कडा आपोआप आत वळताहेत. त्यांनी त्या एकमेकींना शिवून टाकल्या. नळी झाली. ओली बाजू आत बंद, बाहेर सगळीकडून कातडी, मधून रक्त सुरळीत. नळीचं नवं टोक रुजलं की जुनं कापायचं आणि पुढच्या जागी लावायचं. अशी ती टप्प्याटप्प्याने शरीरभर नेता येई.

मात्र प्रत्येक टप्प्याला आठवडे लागत आणि सगळं पुरं व्हायला महिने, कधी वर्षं. एवढा काळ माणसाने जगायचं कसं? म्हणून आवार हवं होतं. छातीपासून गालापर्यंत नळी जोडलेले तरुण निळा पोशाख आणि लाल टाय घालून बागेत फिरत, खेळणी बनवत. वॉर्डात आरसे नसत. आधी शल्यविशारद असलेले चित्रकार हेन्री टोंक्स त्यांचे चेहरे रंगीत खडूंनी उतरवत. गावात जाणाऱ्या रस्त्यावरचे काही बाक निळे रंगवले होते. तिथे कोण बसलेलं असेल ते लोकांना आधीच कळावं म्हणून. हेतू दयेचा असेलही, पण ज्याला त्या बाकावर बसायचं होतं त्याला तो रंग काय सांगत असेल!

1925 पर्यंत 5,000 हून अधिक माणसांवर इथे 11,000 पेक्षा जास्त शस्त्रक्रिया झाल्या.

नळीच्या शोधाचा मान कोणाचा यावरून वाद झालाच. सिडकपमधलेच सर्जन एमार्ड यांनी आपला दावा मांडला. ओडेसात व्लादिमीर फिलातोव यांनी 1916 मध्येच अशी नळी केली होती, आणि जर्मनीत गांत्सरही त्याच वाटेवर होते. मला यात चोरी दिसत नाही. एकाच युद्धाने सगळीकडे तशाच जखमा केल्या आणि कातडीच्या कडा सगळीकडे तशाच वळत होत्या. पण तिला पद्धतीचं रूप देऊन शेकडो रुग्णांवर वापरणं, त्यातून शिष्य घडवणं, हे सिडकपचंच.

1970 च्या दशकात सूक्ष्मदर्शकाखाली बारीक रक्तवाहिन्या शिवता येऊ लागल्या आणि दूरचं मांस एका शस्त्रक्रियेत नेता येऊ लागलं. नळी मागे पडली. नाकासाठी कपाळाची कातडी मात्र आजही भुवयांपाशी देठ ठेवून खाली आणतात आणि साधारण तीन आठवड्यांनी तो देठ कापतात.