रणांगणापासून पवईपर्यंत: वाहनांची चाहूल घेणारे संवेदक

वाहनाचा माग घ्यायचा तर त्यात जीपीएस यंत्र हवे, असे आज आपण गृहीत धरतो. वाहनात काहीही न बसवता, रस्त्याकडेच्या संवेदकांनी त्याची चाहूल घेण्याची कल्पना मात्र जुनी आहे आणि तिचा उगम युद्धात आहे.

१९६८च्या सुमारास अमेरिकी विमानांनी लाओसमधील हो चि मिन्ह मार्गालगत हजारो संवेदक टाकले. काही जमिनीची कंपने टिपत, काही ट्रकांचा आवाज. त्यांचे संदेश घिरट्या घालणाऱ्या विमानांमार्फत थायलंडमधील नाखोन फनोम तळावरील संगणकांकडे जात. खर्च अफाट होता. बॅटरी संपली की संवेदक निकामी. मार्च २००१मध्ये बर्कलेच्या संशोधकांनी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात एका लहान मानवविरहित विमानातून ६ चिमुकले बिनतारी संवेदक रस्त्यालगत टाकले. गाडीच्या लोखंडाने पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात होणारा बदल ते टिपत आणि वेळांच्या नोंदी जुळवून गाडीचा वेग व दिशा काढत.

पण तो रस्ता निर्मनुष्य होता. मुंबईत ट्रक, रिक्षा आणि दुचाकी मार्गिका न पाळता खेटून धावतात. तेथे एकेक गाडी वेगळी ओळखणे फार अवघड.

पवईच्या आयआयटी मुंबईत रिजुरेखा सेन, भास्करन रामन व सहकाऱ्यांनी म्हणून प्रश्नच बदलला: एकेका गाडीऐवजी प्रवाहाचा माग. २०१०च्या ‘हॉर्न ओके प्लीज’ या शोधनिबंधात त्यांनी भोंग्यालाच साधन केले. रस्त्याकडेला काही अंतरावर दोन ध्वनिग्राहक ठेवायचे. मधली गाडी एकाकडे येत असते, दुसऱ्यापासून दूर जात असते. डॉप्लर परिणामामुळे एकच भोंगा दोन्हीकडे वेगळ्या स्वरात ऐकू येतो. समजा भोंगा २५०० हर्ट्झचा आणि वेग ताशी ३६ किमी. तर पुढे सुमारे २५७६ आणि मागे सुमारे २४२९ हर्ट्झ. या दोन आकड्यांवरून वेग निघतो, भोंग्याची मूळ वारंवारता ठाऊक असण्याची गरज नाही! (सर्वांनी शिस्तीने भोंगे थांबवले तर ही पद्धत बहिरी होईल, हे वेगळे.)

२०१२च्या ‘क्यूं क्यू’मध्ये भोंग्याचीही गरज उरली नाही. रस्त्याच्या एका बाजूला बिनतारी प्रेषक, दुसऱ्या बाजूला ग्राहक. मधे गाड्या तुंबल्या की संदेश क्षीण होतो, काही संदेश पोहोचतच नाहीत. अशा जोड्या रस्त्याच्या लांबीवर ओळीने लावल्या की रांग कोठवर पोहोचली ते कळते. रांगेत कोणाची गाडी आहे, हे मात्र त्या यंत्रणेला कळत नाही. माझ्या मते हा तिचा गुणच: नंबरप्लेट वाचणाऱ्या कॅमेऱ्याबद्दल तसे म्हणता येत नाही.