मिरजेचा मुलगा गाणे शिकायला लाहोरला का गेला?

१/ १९०७ साली मिरजेचा नऊ वर्षांचा एक मुलगा गाणे शिकण्यासाठी लाहोरला गेला. अंतर दीड हजार किलोमीटरांहून अधिक. आश्चर्य असे, की तिथे शिकवली जाणारी गायकी मूळ मिरजेहूनच तिकडे गेली होती. हा उलटा प्रवास कशासाठी झाला, ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

२/ एकोणिसाव्या शतकात गाणे शिकायचे ते गुरूच्या घरी. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) विद्येसाठी घर सोडून उत्तरेकडे गेले. धारच्या देवजीबुवांकडे त्यांनी सेवा केली. पण गुरुपत्नीची मर्जी न राहिल्याने ते घर त्यांना सोडावे लागले, असे सांगितले जाते.

३/ पुढे ग्वाल्हेर परंपरेच्या वासुदेवबुवा जोशी यांनी त्यांना विद्या दिली. ती घेऊन बुवा महाराष्ट्रात परतले आणि काही काळ मुंबईत काढून मिरजेस राहिले. ख्यालगायकी महाराष्ट्रात रुजवण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांना दिले जाते. सातारा जिल्ह्यातील किन्हईचे अंतूबुवा जोशी त्यांच्याकडे शिकून औंध संस्थानचे गायक झाले.

४/ गुरुगृहाचे मोठे बळ म्हणजे अखंड सहवास. गुरूचा रियाज, त्याची मैफल, त्याचा विचार सतत कानी पडे. पण काय शिकवायचे, केव्हा आणि किती, हे सर्वस्वी गुरूच्या इच्छेवर असे. ज्याला त्या घरात थारा मिळाला नाही, त्याला दुसरी वाट नव्हती.

५/ बुवांच्या मिरजेतील शिष्यांत विष्णु दिगंबर पलुसकर होते. जन्म १८७२, कुरुंदवाड. लहानपणी शोभेच्या दारूने डोळ्यांना इजा झाली आणि शालेय शिक्षण खुंटले. उपचारांसाठी मिरजेस आलेला हा मुलगा तेथील अधिपतींच्या आश्रयाने बुवांकडे गाणे शिकू लागला.

६/ त्या काळातील एक प्रसंग त्यांच्याविषयी नेहमी सांगितला जातो. एका समारंभाचे निमंत्रण राजाश्रयामुळे त्यांना आले. प्रत्यक्ष गुरूंना मात्र आले नाही. गवयाला प्रतिष्ठितांच्या पंगतीत जागा नव्हती. ही सल घेऊन १८९६ साली त्यांनी मिरज सोडली.

७/ गावोगावी मैफली करीत ते पंजाबात पोहोचले. ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू झाले. ठरलेला अभ्यासक्रम, स्वरलेखन, छापील पुस्तके, परीक्षा आणि पदव्या, अशी त्याची घडण होती. मुलींनाही तिथे गाणे शिकता येई. खर्च चाले तो मैफलींच्या उत्पन्नावर आणि देणग्यांवर.

८/ या संस्थेचा कणा होता उपदेशक वर्ग. त्यात येणाऱ्या मुलाने नऊ वर्षे राहण्याचा करार करावयाचा. जेवणखाण, निवास आणि शिक्षण संस्थेकडे. गुरुगृहातील मोघम बंधन येथे लेखी झाले. मुलाचे किती आयुष्य आपण बांधून देत आहोत, हे पालकांना प्रथमच आकड्यात दिसले.

९/ त्या वयात घर, बोली आणि हवामान एकाच वेळी बदलत असे. कृष्णाकाठच्या मुलापुढे पंजाबची कडक थंडी आणि उर्दू-पंजाबीचे शहर उभे राही. संस्थेत शिस्त कडक होती. स्वतः शिकता शिकता खालच्या वर्गांना शिकवायचे, दौऱ्यावर गुरूच्या साथीला उभे राहायचे. गुरुसेवेचे रूप बदलले होते. ती संपली नव्हती.

१०/ आक्षेपही होताच : वर्गात बसवून कोठे गवई होतात काय? आपल्याला तानसेन नव्हे, तर कानसेन घडवायचे आहेत, अशा आशयाचे पलुसकरांचे उत्तर प्रसिद्ध आहे. जाणता श्रोता आणि सन्मानाने जगणारा शिक्षक निर्माण झाला, तरच गवयाला समाजात मान मिळेल, हा त्यांचा हिशेब होता.

११/ आरंभी उल्लेखिलेला मुलगा म्हणजे विनायकराव पटवर्धन (१८९८–१९७५). त्यांना शिष्यवृत्ती देऊन लाहोरला धाडले ते मिरज संस्थानच्या अधिपतींनी. ज्या गावात गवयाच्या मानाचा प्रश्न पलुसकरांना बोचला, त्याच गावाने आपला मुलगा त्यांच्या हवाली केला. मिरजेचेच बी. आर. देवधर पुढे त्यांचे शिष्य झाले.

१२/ ही वाट निर्धोक नव्हती. मुंबईत उभारलेली संस्थेची इमारत कर्जापायी लिलावात गेली. २१ ऑगस्ट १९३१ रोजी पलुसकरांचे निधन झाले, तेही मिरजेत. त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिले. दहा वर्षे नाट्यसृष्टीत काढलेल्या विनायकरावांनी १९३२ मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढले आणि ‘राग विज्ञान’चे खंड लिहिले.

१३/ गुरुगृही शिकलेल्या अंतूबुवांनीही पुढे मुंबईत गायनवादन विद्यालयच काढले. आज सातारा-सांगलीतील मूल मंडळाची ‘प्रारंभिक’ परीक्षा देते, तेव्हा त्याला घर सोडावे लागत नाही. पण ‘विशारद’ झाल्यावर पुन्हा एखाद्या गुरूचे दार शोधणारे पुष्कळ असतात. विद्यालयाने ते दार बंद केले नाही. तिथवर पोहोचण्याची वाट मात्र सर्वांसाठी खुली केली.

(समाप्त)