प्रतिसरकार, साताऱ्याचे

(१९४३–४६). ‘छोडो भारत’ आंदोलनाच्या काळात तत्कालीन सातारा जिल्ह्यात ब्रिटिश राजवटीस पर्याय म्हणून भूमिगत कार्यकर्त्यांनी चालविलेली समांतर शासनव्यवस्था. लोकांत ती ‘पत्री सरकार’ या नावाने अधिक परिचित आहे. त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवे, तासगाव, खानापूर, शिराळा हा प्रदेशही समाविष्ट होता. दक्षिण सातारा जिल्हा १९४९ मध्ये वेगळा झाला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले.

ऑगस्ट १९४२ मध्ये राष्ट्रीय नेत्यांस अटक झाल्यावर जिल्ह्यात कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. कराड व तासगाव येथील मोर्चे शांततेने पार पडले. तथापि ९ सप्टेंबर रोजी वडूज येथे गोळीबारात परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण ठार झाले आणि दुसऱ्या दिवशी इस्लामपूर येथे दोघे मृत्युमुखी पडले. निःशस्त्र मोर्च्यांची मर्यादा यातून उघड झाली. कार्यकर्ते भूमिगत झाले आणि प्रारंभीच्या तोडफोडीच्या कार्यक्रमातून १९४३ च्या मध्यास पर्यायी राज्ययंत्रणेची कल्पना आकारास आली. सत्यशोधक चळवळीने शेतकरी समाजात रुजविलेली जागृती तिला पोषक ठरली. कुंडल हे प्रमुख केंद्र औंध संस्थानात होते. तेथे १९३९ च्या राज्यघटनेने ग्रामपंचायतींस व्यापक अधिकार दिले होते. शिवाय संस्थानी व ब्रिटिश मुलूख परस्परांत मिसळलेला असल्याने पोलिसांच्या पाठलागास अडथळा येई.

क्रांतिसिंह नाना पाटील (१९००–७६) हे या सरकारचे प्रमुख मानले जातात. वाळवे तालुक्यातील येडे मच्छिंद्रच्या या शेतकरीपुत्राने तलाठ्याची नोकरी सोडून १९३० च्या कायदेभंगात उडी घेतली होती. तथापि त्यांचे प्रमुखपद रूढ अर्थाने अध्यक्षपद नव्हते. बंगालमधील तमलूक येथे डिसेंबर १९४२ मध्ये स्थापन झालेल्या ताम्रलिप्त जातीय सरकारात सर्वाधिनायक हे पद व खातेवार विभागणी होती. साताऱ्यात मात्र कुंडल, वाळवे इ. गट आपापल्या क्षेत्रात बव्हंशी स्वतंत्रपणे काम करीत. नाना पाटलांचा अधिकार मुख्यत्वे त्यांच्या रांगड्या, ग्रामीण वाणीवर आणि जनतेच्या विश्वासावर आधारलेला होता. किसन वीर, जी. डी. (बापू) लाड, नागनाथअण्णा नायकवडी, पांडू मास्तर, नाथाजी लाड, बर्डे गुरुजी प्रभृतींनी प्रत्यक्ष कारभाराची धुरा वाहिली. अच्युतराव पटवर्धनांचे मार्गदर्शन त्यांस लाभले. महिलांनी निरोप व शस्त्रे पोहोचविण्याचे जोखमीचे काम केले.

गावोगावच्या न्यायदान मंडळांनी जमिनीचे, कर्जाचे व कौटुंबिक तंटे सोडविले. सावकारांकडे अडकलेल्या काही जमिनी मूळ मालकांस परत मिळवून दिल्या. दारूबंदी, ग्रंथालये आणि अल्पखर्चाचे ‘गांधी-विवाह’ ही कामेही हाती घेण्यात आली. शाहीर शंकरराव निकम यांच्या पोवाड्यांनी प्रचार झाला. संरक्षणासाठी तुफान सेना उभारण्यात आली. तिच्या तरुणांना कुंडल येथे शिक्षण दिले जाई. निधीसाठी ७ जून १९४३ रोजी शेणोली येथे रेल्वेची पगार-गाडी आणि १४ एप्रिल १९४४ रोजी खानदेशात चिमठाणे येथे सुमारे साडेपाच लाख रुपयांचा सरकारी खजिना लुटण्यात आला.

न्याय अंमलात आणण्यासाठी तुरुंग नव्हते. म्हणून दंड, बहिष्कार व शारीरिक शिक्षा यांचा अवलंब झाला. गुन्हेगार व खबरे यांच्या तळपायांवर काठीने मारीत. त्यावरून पायांस पत्रे ठोकल्याची समजूत पसरली आणि ‘प्रति’चे ‘पत्री’ झाले, असे मानतात. अशा शिक्षांत अपिलास वाव नव्हता व खबऱ्यांच्या हत्याही घडल्या. सरकारने या कार्यकर्त्यांस दरोडेखोर ठरविले. उलट चळवळीच्या नावाने लूट करणाऱ्या खऱ्या दरोडेखोरांचा बंदोबस्त हे प्रतिसरकारच्या लोकमान्यतेचे एक प्रमुख कारण होते. महात्मा गांधींनी १९४४ मध्ये भूमिगतांस प्रकट होण्याचे आवाहन केले. तमलूकच्या सरकारने आपले काम थांबविले. साताऱ्याच्या कार्यकर्त्यांनी मात्र ते पुढे चालू ठेवले. जनतेस दिलेले संरक्षण अर्ध्यावर काढून घेतल्यास सूड घेतला जाईल, ही भीती निराधार नव्हती. पोलिसांशी झालेल्या चकमकीत १९४५ मध्ये किसन अहीर व नानकसिंग यांना हौतात्म्य आले.

१९४६ मध्ये बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आल्यानंतर वॉरंटे मागे घेण्यात आली व नाना पाटील प्रकट झाले. प्रतिसरकारचे प्रयोजन त्याबरोबर संपले. पुढे नाना पाटील शेतकरी कामगार पक्षात व नंतर कम्युनिस्ट पक्षात गेले. १९५७ मध्ये उत्तर सातारा व १९६७ मध्ये बीड मतदारसंघातून ते लोकसभेवर निवडून आले. नायकवडी यांनी वाळवे येथे किसन अहीर यांच्या नावाने सहकारी साखर कारखाना उभारला.

सिंगापूर येथे ऑक्टोबर १९४३ मध्ये स्थापन झालेल्या आझाद हिंद सरकारास अक्ष राष्ट्रांच्या गटाची मान्यता होती. साताऱ्याच्या सरकारास कोणत्याही राष्ट्राची मान्यता नव्हती. घोषित राजधानी व लिखित राज्यघटना यांवाचून ते सुमारे तीन वर्षे टिकले, ते तंटा घेऊन मामलेदाराऐवजी न्यायदान मंडळाकडे जाणाऱ्या आणि भूमिगतांस भाकरी व आसरा देणाऱ्या खेड्यांच्या बळावर. राज्याचा अधिकार अंतिमतः प्रजेच्या संमतीवर अवलंबून असतो, याचे हे एक ठळक उदाहरण होय. त्याचबरोबर संमतीवर उभ्या असलेल्या सत्तेलाही दंडशक्तीवर नियंत्रण ठेवणे किती अवघड जाते, हेही त्यातून दिसून येते.