आंत्रपुच्छशोथाची सूचक लक्षणे : एका निदानाचा इतिहास

रोगाचे लक्षण आधी दिसते आणि त्याचा अर्थ पुष्कळदा फार उशिरा कळतो. अपेंडिसायटिस या नावाने सर्वपरिचित असलेला आंत्रपुच्छशोथ हे याचे ठळक उदाहरण होय. बेंबीभोवती सुरू होणारी वेदना, अन्नावरची वासना उडणे, मळमळ किंवा वांती आणि काही तासांनी उजव्या ओटीपोटात स्थिरावणारे दुखणे ही लक्षणे आज सामान्य वाचकासही ठाऊक असतात. पूर्वीच्या रुग्णांसही ती होतच असत. तथापि त्यांची सांगड घालून एका विशिष्ट अवयवाकडे निश्चितपणे बोट दाखविण्यास १८८६ साल उजाडावे लागले. हा विलंब का झाला, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

अवयव अज्ञात होता, असे म्हणता येत नाही. बेरेंगारिओ दा कार्पी याने १५२१ मध्ये आंत्रपुच्छाचे वर्णन केले होते आणि व्हेसेलियसच्या १५४३ च्या ग्रंथात त्याचे चित्र आहे. लंडनमध्ये १७३५ साली क्लॉडियस अ‍ॅमियंड याने एका अकरा वर्षांच्या मुलाच्या अंतर्गळावर शस्त्रक्रिया केली, तेव्हा टाचणीने छिद्र पडलेले आंत्रपुच्छ त्यात आढळले. त्याने ते काढून टाकले व मुलगा बरा झाला. ही यशस्वी शस्त्रक्रिया निदानपूर्वक झालेली नव्हती. रोगी अवयव शस्त्रवैद्याच्या हाती योगायोगाने आला होता.

पुढील शतकात पॅरिसमध्ये या प्रश्नाची उकल होण्याची संधी आली होती. मेलिए याने १८२७ मध्ये शवविच्छेदनाच्या आधारे आंत्रपुच्छाच्या रोगाची काही उदाहरणे प्रसिद्ध केली आणि निदान खात्रीने करता आल्यास शस्त्रक्रियेचा विचार करता येईल, असे सुचविले. परंतु त्या काळी पॅरिसच्या शस्त्रवैद्यकावर ड्युप्युट्रेनचा मोठा अधिकार होता. उजव्या ओटीपोटातील सूज मोठ्या आतड्याच्या आरंभीच्या भागातून, म्हणजे उंडुकातून, उद्भवते असे त्याचे मत होते, आणि तेच ग्राह्य ठरले. उंडुकावरूनच ‘टिफ्लायटिस’ व ‘पेरिटिफ्लायटिस’ ही नावे रूढ झाली. लंडनचे ब्राइट व अ‍ॅडिसन यांनी १८३९ च्या आपल्या ग्रंथात आंत्रपुच्छास कारण मानले होते, तरी या नावांची पकड सैल झाली नाही. चुकीचे नाव चुकीच्या अवयवाकडे दृष्टी वळविते, आणि मग खरी लक्षणेही त्या अवयवाचीच साक्ष देऊ लागतात.

दुसरा अडसर उपचाराचा होता. आयुर्वेदाने रोगज्ञानाची जी पाच साधने सांगितली आहेत, त्यांत ‘उपशय’ हे एक आहे. कशाने बरे वाटते, यावरून रोग ओळखावा, असा त्याचा आशय. आंत्रपुच्छशोथात मात्र बरे वाटणेच फसवे ठरले. अफूने वेदना शमत असे, पण आतील दाह चालूच राही. एरंडेलासारखे रेचक दिले, तर आतड्याची हालचाल वाढून आंत्रपुच्छ फुटण्याचा धोका निर्माण होई. शिवाय ते फुटल्यावर आतील ताण कमी होऊन रुग्णास काही काळ आरामही वाटू शकतो. घरची माणसे निर्धास्त होतात, आणि त्याच वेळी पू पर्युदरात पसरत असतो.

हा गुंता बॉस्टनच्या रेजिनल्ड फिट्झ याने सोडविला. तो विकृतिशास्त्राचा अध्यापक होता. १८८६ मध्ये वाचलेल्या निबंधात त्याने छिद्र पडलेल्या आंत्रपुच्छाची २५७ आणि टिफ्लायटिस वा पेरिटिफ्लायटिस म्हणून नोंदलेली २०९ उदाहरणे ताडून पाहिली. दोन्ही गटांतील लक्षणे सारखीच होती. अर्थात निरनिराळी मानलेली दुखणी बहुतांशी एकाच अवयवापासून उद्भवत होती. त्याने ‘अपेंडिसायटिस’ हे नाव दिले, लवकर निदानाचा आग्रह धरला, आणि पर्युदरशोथ पसरू लागल्यास त्वरित शस्त्रक्रिया करावी असे प्रतिपादिले. मृतांच्या नोंदींतून मिळालेले ज्ञान अशा रीतीने जिवंत रुग्णाच्या कामी आले.

यानंतरची प्रगती झपाट्याने झाली. न्यूयॉर्कच्या मॅकबर्नी याने १८८९ मध्ये बेंबी व कमरेच्या हाडाचा पुढील उंचवटा यांना जोडणाऱ्या रेषेवर, उंचवट्यापासून दीड ते दोन इंचांवर, एका बोटाने दाबले असता सर्वाधिक दुखणारा बिंदू दाखवून दिला. शिकागोच्या मर्फीने लक्षणांच्या क्रमावर भर दिला : प्रथम वेदना, मग मळमळ वा वांती, मग दाबल्यास दुखणे, मग ज्वर. ज्वर वेदनेच्या आधी आल्यास निदानाविषयी शंका घ्यावी, असे त्याचे सांगणे होते. वेदनेचे स्थलांतरही सकारण आहे. आंत्रपुच्छाच्या मज्जातंतूंची वेदना आरंभी बेंबीपाशी भासते. दाह पर्युदराच्या बाह्य स्तरास भिडला की ती जागेवर येते.

ज्ञान झाले तरी विलंब टळतोच असे नाही. इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड १९०२ च्या जूनमध्ये आजारी पडला. राज्याभिषेक २६ जूनला ठरला होता व तो पुढे ढकलण्यास राजा तयार नव्हता. अखेर २४ जूनला फ्रेडरिक ट्रीव्ह्ज याने विद्रधी फोडून पू काढला. आंत्रपुच्छ तसेच ठेवले. राजा वाचला आणि ९ ऑगस्टला अभिषेक झाला. राजवाड्यातही लक्षणांपेक्षा मुहूर्ताचे वजन अधिक ठरू पाहत होते.

आज ध्वनिलहरींच्या व क्ष-किरणांच्या प्रतिमा निदानास साहाय्य करतात, काही निवडक रुग्णांवर केवळ प्रतिजैविकांनी उपचार होतात, आणि वैद्याच्या देखरेखीखाली वेदनाशामक दिल्याने निदान बिघडत नाही, असेही दिसून आले आहे. तरीही अल्व्हाराडो याने १९८६ मध्ये मांडलेल्या दहा गुणांच्या पद्धतीत वेदनेचे स्थलांतर, अरुची, वांती, दाबल्यास दुखणे व ज्वर या जुन्याच खुणांना रक्ततपासणीची जोड आहे. बालके, वृद्ध व गर्भवती स्त्रिया यांच्यात आणि आंत्रपुच्छ उंडुकामागे दडलेले असल्यास या खुणा अस्पष्ट असतात, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. या इतिहासाचा निष्कर्ष एवढाच की, जागा बदलून उजवीकडे स्थिरावणारी आणि काही तासांत न शमणारी पोटदुखी घरी रेचक देऊन पाहण्याची नव्हे. आणि तीव्र वेदना एकाएकी थांबली, तर ती बरे झाल्याची खूण समजून स्वस्थ बसू नये.