प्रकाशाने घट्ट होणारे हायड्रोजेल (मणक्याची चकती)

प्रकाशाने घट्ट होणारे हायड्रोजेल हे पाणी धरून ठेवणारे द्रवरूप मिश्रण असून, मणक्यांमधील फाटलेल्या चकतीत सुईने सोडल्यावर ते प्रकाशाच्या साहाय्याने जागीच घट्ट केले जाते. ही पद्धत प्रामुख्याने संशोधनाच्या अवस्थेत आहे.

== पार्श्वभूमी ==
मानवी पाठीच्या कण्यात साधारणतः २३ चकत्या असतात. प्रत्येक चकतीत पाणीदार गाभा व त्याभोवती तंतुमय कडे असते. रक्तपुरवठा अत्यल्प असल्याने कड्याची चीर सहसा नीट भरून येत नाही. चिरेतून सरकलेला गाभा मज्जातंतूच्या मुळावर दाबला गेल्यास कंबरेपासून पायापर्यंत कळा येतात. शस्त्रक्रियेने तो भाग काढतात. परंतु छिद्र राहते व काही रुग्णांत गाभा पुन्हा बाहेर येतो. सोलापूरसारख्या यंत्रमागाच्या शहरात ओझी उचलून पोट भरणाऱ्यांसाठी हा रोजीरोटीचाही प्रश्न ठरतो.

== कार्यपद्धती ==
मिश्रणातील प्रकाशसंवेदी घटक प्रकाश पडताच रेणूंच्या साखळ्या परस्परांना जोडतो. दातांत भरलेला मसाला निळ्या प्रकाशाने कडक करतात, त्यासारखेच हे तत्त्व आहे. प्रकाश शरीरात खोलवर पोहोचत नसल्याने तो बारीक प्रकाशतंतूतून न्यावा लागतो.

== संशोधन ==
अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी मेंढ्यांच्या चकतीत हायलुरोनिक आम्लाचे जेल भरून, कड्याचे छिद्र रायबोफ्लेविन (जीवनसत्त्व ब-२) मिसळलेल्या व प्रकाशाने घट्ट केलेल्या कोलॅजेनने बुजवले. हे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले.

== मर्यादा ==
जेलने शरीराचा भार दीर्घकाळ पेलणे, जागेवरून न सरकणे आणि प्रकाशसंवेदी घटकाने पेशींना इजा न होणे, या तिन्ही अटी पूर्ण व्हाव्या लागतात.