कारंज्याचा आराखडा आणि पाणवठ्याचा हक्क

चौकात कारंजे बसवायचे ठरले की वास्तुविशारद आधी कागदावर रेखाटन करतो. चौथरा किती उंच, मूर्ती कोणती, पाणी कुठून उडणार, हे सगळे त्यात असते. ते पाणी कोणी प्यायचे, हे मात्र त्यात नसते. आमचा इतिहास नेमका इथून सुरू होतो.

मुंबईचे फ्लोरा फाउंटन घ्या. 1860 मध्ये विहार तलावाचे पाणी नळाने मुंबईत आले. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचा भाव चढला आणि शहरात पैसा खेळू लागला. गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या काळात किल्ल्याच्या भिंती पाडल्या गेल्या. 1864 मध्ये जुन्या चर्च गेटच्या जागी हे कारंजे उभे राहिले. आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉ यांचा, शिल्पकाम जेम्स फोर्सिथ यांचे, दगड इंग्लंडमधल्या पोर्टलँडचा आणि माथ्यावर फुलांची रोमन देवता. खर्च 47,000 रुपये, त्यातले 20,000 रुपये कर्सेटजी फर्दुनजी पारेख यांनी दिले. मूळ बेत भायखळ्याच्या व्हिक्टोरिया गार्डनमध्ये बसवण्याचा होता. म्हणजे बागेसाठी कल्पिलेली वस्तू रहदारीच्या चौकात आली.

त्यानंतर चारच वर्षांनी, 1868 मध्ये, पुण्यात महात्मा जोतिराव फुले यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. त्या हौदाला ना रोमन देवता होती ना विलायती दगड. पण पाणी कोणाचे, या प्रश्नाला त्याने उत्तर दिले.

कोणी म्हणेल, कारंजे शोभेचे असते, त्याला जातीच्या प्रश्नात का ओढता? मित्रांनो, आम्ही फ्लोराला दोष देत नाही. सुंदर चौकावर आमचाही तेवढाच हक्क आहे. आमचे म्हणणे एवढेच की ‘सार्वजनिक’ हा शब्द आराखड्यावर लिहिल्याने वस्तू सार्वजनिक होत नाही.

पुरावा महाडचा आहे. रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेले किंवा सांभाळलेले पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा त्याचा आशय होता. 1924 मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागद तयार झाला, पण तळ्यावर जाण्याची सोय झाली नाही. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब हजारोंसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले, तेव्हा त्या ठरावात जीव आला. सवर्णांनी पंचगव्याने तळे ‘शुद्ध’ केले, नगरपालिकेने ठराव मागे घेतला, तळे खाजगी असल्याचा दावा कोर्टात गेला. मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागायला 17 मार्च 1937 उजाडले. एक ओंजळ पाण्यासाठी दहा वर्षे कोर्ट!

फ्लोरा फाउंटनलाही खरा अर्थ माणसांनीच दिला. संयुक्त महाराष्ट्रासाठी 21 नोव्हेंबर 1955 रोजी तिथे निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. आज तिथे शेतकरी आणि कामगार मशाल घेऊन उभे आहेत आणि चौकाचे नाव हुतात्मा चौक आहे. हे शॉ यांच्या आराखड्यात नव्हते.

आता खारघरकडे या. महाड आणि खारघर एकाच रायगड जिल्ह्यात आहेत. 1970 मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबई आधी कागदावर आखली आणि मग जमिनीवर उतरवली. सेक्टर, चौक, उद्याने, सगळे रेघेत. याच खारघरमध्ये 16 एप्रिल 2023 रोजी भर उन्हात महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला आणि उष्माघाताने 14 माणसे दगावली. मंचाची आखणी होते, वाहनतळाची होते. मग समोर बसणाऱ्या माणसाच्या सावलीची आणि पाण्याची आखणी पहिल्या ओळीत का नसावी?

म्हणून तरुणांनो, तुमच्या चौकात कारंजे, पुतळा किंवा सुशोभीकरण येणार असेल तर उद्घाटनाच्या फलकाची वाट पाहू नका. माहिती अधिकाराचा 2005 चा कायदा हातात आहे. आराखडा मागा, अंदाजपत्रक मागा. मग तीन गोष्टी विचारा. पिण्याच्या पाण्याचा नळ कुठे आहे? सफाई कामगार, नाका कामगार आणि फेरीवाल्या बाईला तिथे बसता येईल का? टाकी साफ करणाऱ्या माणसाच्या सुरक्षेसाठी किती पैसे ठेवले आहेत?

उत्तर आराखड्यात नसेल तर लेखी हरकत घ्या आणि ती प्रभाग कार्यालयात पोच घेऊन द्या. महाडला नुसत्या ठरावाने तळे खुले झाले नव्हते. आपल्या चौकातला नळही नुसत्या आराखड्याने येणार नाही.

जय भीम!